घाई नसलेलं सामान

मंगळवारी सकाळी आठ वाजता आईची खोली अगदी तयार होती. भिंती पुसलेल्या, खिडकीला नवा पडदा, दिवा बदललेला. फक्त खोलीत सामान नव्हतं. मधोमध प्लॅस्टिकची एक खुर्ची, खुर्चीवर आई, आणि आईच्या मांडीवर तिची प्रवासाची पिशवी. सोमवारी संध्याकाळी बसमधून उतरल्यापासून तिने ती उघडली नव्हती.

"गाडी निघाली का?" आईने विचारलं.

"निघेल," बाणसाहेब म्हणाले आणि दारापर्यंत जाऊन उगाचच परत आले.

"निघेल म्हणजे निघाली नाही."

"निघाल्यासारखीच आहे गं."

"एकतीस वर्षं बसस्टँडवर पार्सलच्या खिडकीत बसलेय मी. निघाल्यासारखी गाडी काही माझ्या पाहण्यात नाही."

बाणसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. मालवाहतुकीच्या कंपनीत ते वाहतूक व्यवस्थापक होते, आणि कुठलंही काम दिसलं की त्याचे चौकोन पाडायचे आणि ते चौकोन बाणांनी जोडायचे, ही त्यांची खोड होती. कचेरीतल्या भिंतीवर असा एक भलामोठा तक्ता होता. घरीसुद्धा गीझर कुणी कधी लावायचा आणि कुणी कधी बंद करायचा, याचा एक तक्ता न्हाणीघराच्या दारावर होता. त्यावर त्यांची बायको टॉवेल वाळत घालायची.

पण उगाच कुणाला नावं ठेवू नयेत. बाणांचा उपयोग झाला होता. पूर्वी या कंपनीच्या गाड्या अर्ध्या भरून निघायच्या आणि रिकाम्या खडखडत परत यायच्या. कारकुनाला कागद सापडेपर्यंत फाटकावर तासतासभर इंजिन चालू ठेवून उभ्या राहायच्या. डिझेल जळायचं, धूर व्हायचा, आणि माल तिथल्या तिथे. बाणसाहेब दोन महिने वही घेऊन फाटकावर बसले आणि मग त्यांनी नियम केले. नव्वद टक्के भरल्याशिवाय गाडी फाटक सोडणार नाही. परत येताना रिकामी येणार नाही. ठरल्यावाचून वाटेत कुठे थांबणार नाही. घाईचा माल आधी चढेल आणि बिनघाईचा माल जिथे जागा मिळेल तिथून पुढे सरकेल. सहा महिन्यांत डिझेल पाचवा हिस्सा कमी झालं. मालकांचा विश्वास बसेना. त्यांनी दोनदा मोजून घेतलं आणि मग पाठीवर थाप मारली.

हे ऐकून एका मोठ्या साबण कंपनीने निरोप धाडला. आमचा वर्षभराचा सगळा माल तुम्हाला देऊ, पण तुमची पद्धत खरी आहे की नुसती भिंतीवर आहे, ते आमच्या तपासनीस बाई आठवडाभर बसून बघतील. एक जरी नियम मोडलेला दिसला, की काम दुसऱ्याला. बाई सोमवारी सकाळी आल्या, बाणसाहेबांच्या समोरची खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

आणि नेमकी याच आठवड्यात आई यायला तयार झाली. तीन वर्षं बाणसाहेब तिच्या विनवण्या करत होते. तिकडे दोनशे ऐंशी किलोमीटरवर एकटीच राहतेस, काही दुखलंखुपलं तर कोण आहे, ये ना इकडे. तीन वर्षं ती नाही म्हणाली, आणि मग हो म्हणाली ते एका अटीवर. "माझं सामान माझ्याबरोबर आलं पाहिजे. दुसऱ्याच्या पलंगावर मी पाहुणी असते. माझ्या पलंगावर मी घरची. आणि तिकडच्या खोलीची किल्ली महिनाअखेरपर्यंत माझ्याकडेच आहे, हेही लक्षात ठेव." बाणसाहेबांना इतका आनंद झाला की ते दोन दिवस जेवताना उभेच होते. आई येणार आणि कायमची राहणार, याहून मोठं त्यांना दुसरं काही नको होतं.

घोळ झाला तो या आनंदातच. सोमवारी कंपनीची एक गाडी आईच्या गावी माल टाकायला चालली होती आणि मंगळवारी परत यायची होती. त्या गाडीत आईचं सामान टाकायचं, म्हणजे गाडी रिकामी यायला नको आणि धूरही वाया नको. बाणसाहेबांनी फॉर्म भरला. पलंग एक, हिरवं कपाट एक, टेबल, शिलाई मशीन, ट्रंका चार, कुंड्या एकोणीस. शेवटी दोन रकाने होते, घाई आहे आणि घाई नाही.

आता गिऱ्हाईक कुठलंही असो, ते घाई आहे यावरच खूण करतं. रद्दी पाठवणाऱ्यालासुद्धा घाईच असते. बाणसाहेब याच्यावर कचेरीत सारखे बोलायचे. उगाच घाई लिहू नका, घाईपोटी गाडी वाकड्या वाटेने पळते आणि तिचा धूर फिरून तुमच्याच नाकात जातो, वगैरे. समोर सगळा स्टाफ, शेजारी तपासनीस बाई. गाडी काय, उद्या येणारच आहे. बाणसाहेबांनी ऐटीत घाई नाही यावर खूण केली आणि म्हणाले, "हा नियम माझ्या आईलासुद्धा लागू आहे."

स्टाफने टाळ्या वाजवल्या. बाईंनी वहीत एक ओळ लिहिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मंगळवारी दुपारी तिकडच्या डेपोचा फोन आला. "साहेब, शेजारणीने दार उघडून दिलं, आईंचं सामान चढलं. पस्तीस टक्के झाली गाडी."

"मग?"

"नव्वदला सोडतो ना आपण. सोडू का पस्तीसला?"

बाणसाहेबांनी समोर पाहिलं. तपासनीस बाई पेन घेऊन वाट बघत होत्या. "नको," बाणसाहेब म्हणाले. "भरू दे."

बुधवारी गाडी भरली. पंचावन्न टक्के प्लायवूड मिळालं, घाईचं, पण ते जायचं होतं उत्तरेच्या डेपोला. घाईचा माल आधी. बिनघाईचं सामान मागे ठेवून गाडी अर्धी नेण्यापेक्षा बरोबर नेलेलं बरं, शिवाय उत्तरेच्या डेपोतून गुरुवारी आपल्याकडे थेट गाडी होतीच. म्हणजे काही चुकलं असं म्हणताच येत नव्हतं. चुकलेलं काही सापडलं असतं तर बाणसाहेबांचा जीव थोडा तरी थाऱ्यावर आला असता.

"म्हणजे सामान माझ्यापासून आणखी लांब गेलं," आई म्हणाली.

"नकाशावर लांब गेलं. पद्धतीच्या दृष्टीने जवळ आलं."

"मी नकाशावर राहते रे. पद्धतीत नाही राहत."

पलीकडच्या खोलीतून बायकोचा गोड आवाज आला. "आपली तक्रार आम्ही नोंदवून घेतली आहे. कृपया थोडा वेळ थांबा." ती घरी बसून एका विमा कंपनीचे फोन घ्यायची. कानावर हेडफोन आणि तोंडात साखर. ती गिऱ्हाइकाशी बोलत होती की नवऱ्याशी, हे विचारायची बाणसाहेबांना हिंमत झाली नाही.

आईचे हात रिकामे होते आणि तेच घराला जड जात होतं. बुधवारी तिने दारातल्या चपला मापाप्रमाणे लावल्या. मग आलेली सगळी जुनी पत्रं तारखेप्रमाणे. मग बायकोच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या काढून नव्या चिकटवल्या, आणि बायकोला गिऱ्हाईक लाईनवर ठेवून साखर शोधावी लागली. आई खुर्चीत बसायची, उठायची, गॅलरीत जाऊन रस्ता बघायची आणि परत बसायची. बाणसाहेब मोबाईलवर गाडीचा ठिपका बघायचे, खिशात टाकायचे आणि दहा पावलांवर पुन्हा काढायचे.

"कुंड्यांना पाणी कोण घालतं?" आईने गुरुवारी सकाळी विचारलं.

याचा चौकोन तक्त्यात नव्हता. बाणसाहेबांनी उत्तरेच्या डेपोला फोन लावला. तिथे मामा भेटले. मामा म्हणजे कंपनीतले सगळ्यात जुने ड्रायव्हर. बाणसाहेबांपासून हमालांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत.

"घातलं, साहेब. काल संध्याकाळी आणि आज पण," मामा म्हणाले. "त्यातल्या एकाला कळी आलीय. पण एक सांगू का, तुमची आजची गाडी दूध पावडरने भरली. घाईची आहे."

बाणसाहेब खाली बसले. "मग आता?"

"माझ्या गाडीत जागा आहे. नेमकी पस्तीस टक्के. मी चाललोय दक्षिणेच्या डेपोला. तिथून शनिवारी तुमच्याकडे गाडी निघते, दुपारी साडेबाराला पोचते. ती पण मलाच न्यायची आहे. घेऊ का सामान?"

"घ्या, मामा." दुसरं म्हणणार काय. आगीतून उठून फुफाट्यात, पण फुफाटासुद्धा नियमात बसत होता.

त्या संध्याकाळी आईने स्पष्टच सांगितलं. "शनिवारी सकाळी सातची बस आहे. शुक्रवारी रात्रीपर्यंत सामान आलं तर मी राहीन. नाही आलं तर मी जाते. आणि एकदा गेले की पुन्हा बोलवू नकोस. या वयात माझ्याच्याने दोन दोन वेळा बिऱ्हाड हलवणं होणार नाही."

रात्रभर बाणसाहेब कूस बदलत होते. साडेबारा आणि सात, सात आणि साडेबारा. हिशेब कसाही मांडला तरी साडेपाच तास कमी पडत होते.

शुक्रवारी दुपारी ते कचेरीत तपासनीस बाईंना टायरमधली हवा मोजायची पद्धत समजावून सांगत होते. हवा कमी असली की डिझेल जास्त जळतं, म्हणून निघण्याआधी प्रत्येक चाक तपासायचं. बाई मन लावून ऐकत होत्या. इतक्यात आईचा फोन आला.

"माझं कपाट चाललंय," आई म्हणाली.

"कुठे?"

"तुझ्या घरासमोरून."

बाणसाहेबांच्या घराच्या गॅलरीतून मोकळ्या प्लॉटपलीकडचा बाहेरचा हमरस्ता दिसायचा. मामांची गाडी दक्षिणेकडे जाताना त्याच रस्त्याने जाणार, हे बाणसाहेबांना नकाशावर माहीत होतं, पण गॅलरीतून ते कसं दिसेल, याचा विचार त्यांनी केला नव्हता. पुढे खोदकाम चाललं होतं आणि गाड्यांची रांग लागली होती. रांगेत मामांची उघडी गाडी उभी होती. इंजिन बंद, नियमाप्रमाणे. वरती दोराने बांधलेलं हिरवं कपाट, पलंगाचे चार पाय आभाळाकडे, आणि मागच्या फळीवरून डोकावणाऱ्या एकोणीस कुंड्या.

"आई, तू तिथेच थांब," बाणसाहेब म्हणाले. पण आई तिथे नव्हतीच. फोन कानाला तसाच धरून ती तीन जिने उतरली होती आणि आता प्लॉटमधल्या खडीवरून चालली होती. बाणसाहेबांना फोनमध्ये तिच्या चपलांचा आवाज येत होता. मग दुसरा आवाज आला.

"कोण हवंय, आजी?"

"आजी कुणाला म्हणतोस. माझं सामान आहे हे. उतरव."

"आई का साहेबांच्या?" मामांचा सूर एकदम बदलला. "अहो आई, सामान तुमचंच. पण पावतीवर दक्षिणेचा डेपो लिहिलाय. ठरल्यावाचून गाडी थांबवून माल उतरवायला साहेबांची परवानगी लागते. ते हो म्हणाले तर पाच मिनिटांत उतरवतो. मला काय, माझंही वजन कमी होईल. विचारू का त्यांना?"

विचारायची गरज नव्हती, कारण साहेब लाईनवरच होते. तपासनीस बाईंनी पेन खाली ठेवलं होतं. त्यांना सगळं ऐकू येत होतं. मालक काचेच्या दारातून आत बघत होते. भिंतीवरचा तक्ता होता तिथेच होता, आणि त्यातला ठरल्यावाचून थांबा नाही हा चौकोन बाणसाहेबांनी स्वतः लाल रंगाने रंगवला होता. गाडी तशी थांबलेलीच होती, पण ती रस्त्यासाठी थांबली होती, आईसाठी नव्हे. त्या एका हो वर चाळीस ड्रायव्हर सोमवारपासून आपापल्या आत्या, मेहुण्या आणि शेजाऱ्यांसाठी थांबायला लागले असते, हे त्यांना पक्कं माहीत होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"साहेब?" मामा म्हणाले.

"नियमाप्रमाणे पुढे जा, मामा," बाणसाहेब म्हणाले, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

आईने फोन बंद केला. पुढे काय झालं ते मामांनी नंतर सांगितलं. आई मागच्या फळीपाशी गेली, टाचा उंचावून हात आत घातला, एका कुंडीतली दोन पिवळी पानं खुडली आणि पदराला हात पुसत परत गेली. मग रांग हलली.

संध्याकाळी बाणसाहेब घरी आले तेव्हा आईची पिशवी दारात होती.

"आई, उद्या दुपारी नक्की येतंय. फक्त साडेपाच तासांचा प्रश्न आहे."

"मी रागावले नाही रे," आई म्हणाली. "तू केलंस ते बरोबरच केलंस. मीसुद्धा ओळखीच्या माणसाचं पार्सल कधी आधी चढवलं नाही. तुझ्या बाबांनी एकदा आंब्याची पेटी आणली होती, तीही रांगेत ठेवली. पण तेव्हा मी खिडकीच्या आत होते. इथे बाहेर आहे. मला बाहेर बसून वाट बघता येत नाही. इथे काय, सामान आलं तरी पुढे वाटच बघायची. तू कधी येतोस, सूनबाई फोन कधी ठेवते, हेच बघत बसायचं."

शनिवारी सकाळी बाणसाहेबांनी तिला बसमध्ये बसवलं. बस वेळेवर सुटली.

दुपारी साडेबारा वाजता, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही, बाकीचा माल डेपोत उतरवून मामांची गाडी इमारतीसमोर येऊन उभी राहिली. एक कुंडी फुटली नव्हती, कपाटाला ओरखडा नव्हता. मागोमाग रिक्षातून तपासनीस बाई उतरल्या. एवढा फिरलेला माल पोचतो कसा, ते त्यांना स्वतः बघायचं होतं.

"चार दिवस, दोन गाड्या, तीन डेपो," त्या वही बघत म्हणाल्या. "आणि या सामानासाठी जास्तीचं डिझेल जवळजवळ शून्य. आठवडाभरात मी एवढा स्वच्छ माल पाहिला नाही. उतरवा आता. आईंना सहीला बोलवा."

बाणसाहेबांनी मामांकडे पाहिलं. मामांनी चाकाकडे पाहिलं. माल ज्याच्या नावाचा, सही त्याचीच, नाहीतर माल उतरणार नाही. हाही नियम बाणसाहेबांचाच. एका गिऱ्हाइकाच्या कपडे धुण्याच्या मशीनवर शेजाऱ्याने सही केली होती आणि दोन महिने स्वतःचे कपडे धुतले होते, तेव्हापासूनचा.

"आई गेल्या," बायको म्हणाली.

बाई गडबडल्या. "म्हणजे?"

"सकाळच्या बसने. परत."

झालं. गाडी तिथेच उभी राहिली, सामान गाडीत, आणि बाणसाहेब गाडीभोवती. आईचा फोन लागेना. त्यांनी वीस वेळा लावला. दोन वाजता बस पोचली असणार. तीन वाजता तिने कुलूप काढलं असणार. खोलीत बसायला पाटसुद्धा नाही, सगळं इथे उन्हात उभं आहे, हे डोळ्यासमोर येऊन त्यांनी एकविसाव्यांदा फोन लावला. शेजारपाजारचे लोक येऊन नवीन कोण राहायला आलं म्हणून विचारून जात होते. बायकोने वरून बाईंना खुर्ची आणून दिली. मामांनी कुंड्यांना पाणी घातलं, म्हणजे गाडीतच.

पाच वाजता फोन वाजला. आईचा नव्हता. तिकडच्या डेपोचा होता.

"साहेब, आई इथे आहेत. घरी बसायला काही नाही म्हणून इकडे आल्या. सामान कुठे आहे विचारलं. मग आमच्या दोन गाड्या दोन दिवस साठ टक्क्यांवर अडकून उभ्या होत्या, ते बघितलं. मला म्हणाल्या, ऊठ. आणि खिडकीत बसल्या."

"मग?"

"मग काय. फॉर्मचा गठ्ठा घेतला आणि एकेका गिऱ्हाइकाला फोन. एक गाडी मघाशीच गेली, ब्याण्णव टक्के. दुसरी भरतेय."

तपासनीस बाई खुर्चीतून उठल्या. "मला द्या जरा." त्यांनी फोन घेतला. "आई, तुम्ही नक्की काय केलंत?"

"काही नाही हो," आईचा आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू आला. "याच्या कागदावर माल किती, जागा किती, डिझेल किती, सगळं आहे. पलीकडे वाट कोण बघतंय, ते नाही. मी तेवढंच विचारलं. घाई म्हणून लिहिलेल्या निम्म्या मालाची पलीकडे कुणी वाटच बघत नाहीये. गोदामात पडून राहायचाय तो. तो उतरवला, आणि ज्याची खरंच वाट बघतायत तो माल दोन्ही गाड्यांतून काढून एकीत बसवला. आणि एकाने घाई नाही लिहिलंय, तर त्याच्या खोक्यात माणसाच्या पायाला लावायचा पट्टा आहे. तो पहिल्या गाडीने गेला. बरं, फोन ठेवते, रांग आहे."

बाईंनी आठवडाभर पानाला एखाददुसरी ओळ लिहिली होती. आता त्यांनी उभ्याउभ्या पान भरलं, मग दुसरं. मग त्यांनी मालकांना फोन केला. अर्ध्या तासाने मालकांचा बाणसाहेबांना आला.

"काम मिळालं आपल्याला, वर्षभराचं," मालक म्हणाले. "आणि तुमच्या आईंना तिकडच्या खिडकीवर घेतोय, सोमवारपासून. विचारलं त्यांना, हो म्हणाल्या. आता बाहेरचे तीनही डेपो त्यांच्या पद्धतीने बसवून द्यायला एक जाणता माणूस तिकडे राहायला पाठवावा लागेल. सुचवा कुणी असेल तर."

सगळ्यांचं भलं झालं. साबणवाल्यांचं झालं, मालकांचं झालं, हवेचं झालं. बाणसाहेब जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले आणि त्यांनी आईला फोन लावला. या वेळी लागला.

"आई, तू इथे राहणार होतीस."

"राहणार होते. तीन वर्षं तू बोलावलंस, आले, पाहिलं. तुझं घर चांगलं आहे. पण मला काम आवडतं रे, काय करू." तिने तिकडे कुणाला तरी पावती दिली. "तू मात्र हवा होतास इथे. हे खरं."

"सामान आत्ता पाठवतो. मामा तयार आहेत. रात्री जमिनीवर झोपू नकोस."

"किती टक्के आहे गाडी?"

बाणसाहेबांनी गाडीकडे पाहिलं. "पस्तीस."

पलीकडून आला तो पार्सलच्या खिडकीतला आवाज होता. "मग सोडायची नाही."

"अगं आई, तुझाच पलंग आहे त्यात."

"असेल. पस्तीस टक्क्यांची गाडी माझ्या डेपोच्या फाटकात आली तर मी आत घेणार नाही. मी शेजारणीकडून सतरंजी आणलीय. तू काळजी करू नकोस आणि गाडी भर."

फोन बंद झाला. बाणसाहेबांनी होते नव्हते ते सगळे व्यापारी पालथे घातले. शनिवारची संध्याकाळ, त्या बाजूला जाणारा माल कुणाकडेच नव्हता. मामा फळीला टेकून शांतपणे उभे होते. बाई केव्हाच निघून गेल्या होत्या. पंचावन्न टक्के कुठून आणायचे, या विचाराने बाणसाहेब गाडीला सहा फेऱ्या घालून झाले.

बायको खाली आली. हेडफोन गळ्यात होता. तिने गाडीकडे पाहिलं, मग वर तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या गॅलरीकडे, मग पुन्हा गाडीकडे.

"मालकांना तिकडे माणूस हवाय ना?"

"हो. का?"

"फोन काय, मी कुठूनही घेते," ती म्हणाली. "अहो, आपलं सामान टाकलं तर नव्वद होतील?"

बाणसाहेबांना वाटलं ती चेष्टा करतेय. त्यांनी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. ती चेष्टा करत नव्हती. तिने तोपर्यंत दोन्ही बाह्या वर सारल्या होत्या.

"गाद्या उभ्या लावल्या तर आरामात होतील," मामा म्हणाले आणि त्यांनी मागची फळी खाली सोडली.

बाणसाहेबांनी मामांकडून मोजपट्टी मागून घेतली आणि ते जिना चढून फ्रीज मोजायला गेले.